इंजिनाची गाळणी

नदीच्या दोन काठांमध्ये बत्तीस वर्षं बोट चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे कप्तान म्हणत. बोट मोठी नव्हती. वीस माणसं आणि चार सायकली चढल्या की भरायची. रुबाब मात्र जहाजाचा. आणि बोलण्यात कप्तान कुणाला हार जायचे नाहीत. निम्मे उतारू पलीकडे काम नसतानाही नुसत्या गप्पांसाठी येतात, असं त्यांची बायको म्हणायची. तिला सगळे काकू म्हणत.

आठ महिन्यांपूर्वी कप्तानांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, उजव्या हातात जोर राहिला नाही, आणि शब्द घसरले. मनात एक असायचा, तोंडातून दुसराच निघायचा. उशी हवी असली की ‘खिडकी’ म्हणायचे. टॉवेलला एकदा ‘रविवार’ म्हणाले.

काकू घरी शिवणकाम करायच्या. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. कप्तानांनी “मला जरा...” म्हणायचा अवकाश, की “पाणी ना? हे घ्या” म्हणून पेला पुढे. नवऱ्याचं अडखळणं त्यांना बघवत नसे. वाक्य आपणच पुरं केलं की त्रास वाचला, असं त्यांना वाटे. हळूहळू कप्तान बोलेनासेच झाले. मानेनं हो, मानेनं नाही.

त्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी एकदा काकूंना बाजूला घेतलं. “त्यांना आवडेल अशा जागी घेऊन जा. आणि काकू, रागावू नका, पण तुम्ही त्यांना बोलूच देत नाही.”

काकूंच्या ते फार जिव्हारी लागलं. दिवसभर त्यांनी मशीनवर राग काढला, दोनदा सुई मोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर कापड टाकलं, चहानं थर्मास भरला आणि म्हणाल्या, “चला, माझ्या सवतीला भेटून येऊ.”

सवत धक्क्याच्या टोकाला ताडपत्रीखाली उभी होती. फेरी आता दुसरीच बोट करत होती. तिकीटवाल्यानं बॅटरी चार्ज करून बसवून दिली आणि तो आपल्या खिडकीवर निघून गेला. काकूंनी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं, दोन मिनिटं चाललं, मग खोकल्याची उबळ आल्यासारखं अडखळलं आणि बंद पडलं. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच.

कप्तान बाकावर कान लावून बसले होते. एकदम म्हणाले, “चहाची... चहाची गाळणी.”

“चहा ना? आणलाय की.” काकू थर्मासचं झाकण फिरवू लागल्या.

“नाही!” त्यांनी डाव्या हातानं बाकावर थाप मारली. “गाळणी. काळी झाली. बदल.”

काकूंनी सवयीनं तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी या इंजिनात एकदाही डोकावलं नव्हतं. नवऱ्याचं वाक्य पुरं करायला त्यांच्याकडे आज शब्दच नव्हता. झाकण हातात धरून त्या थांबल्या. कप्तानांनी डोळे मिटले, ओठ नुसतेच हलवले. बराच वेळ गेला. मग त्यांनी इंजिनाच्या कुशीला चिकटलेल्या एका डब्याकडे बोट केलं. “डिझेल... यातून. चहासारखं. गाळून जातं.”

“अगंबाई! फिल्टर होय?”

“फिल्टर,” कप्तान म्हणाले. “फिल्टर. फिल्टर.”

नवा फिल्टर बाकाखालच्या पेटीत होता. कप्तान एक नेहमी जादा ठेवत.

“पण बदलणार कोण?” काकूंनी विचारलं.

“तू.”

“मी? अहो, मला सुईदोऱ्यापलीकडे काही कळत नाही.”

कप्तानांनी त्यांच्या दोन्ही हातांकडे बोट दाखवलं. “हे तुझे.” मग स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली. “हे... माझं.”

काकूंनी पदर खोचला आणि त्या गुडघ्यांवर बसल्या. कप्तानांच्या खुणांवरून आधी टाकीकडून येणाऱ्या नळीचा कॉक बंद केला. कॉकला कप्तान ‘दार’ म्हणाले, तेवढं लगेच कळलं. डब्याखाली पत्र्याचं टमरेल धरलं, पट्ट्याचा पाना डब्याभोवती आवळला आणि जोर लावला. डबा ढिम्म. पुन्हा जोर लावला. तिसऱ्यांदा करकरत फिरला आणि काळंकुट्ट डिझेल मनगटापर्यंत ओघळलं. टमरेलाच्या तळाशी पाण्याचे गोळे दिसत होते.

“पाणी शिरलं,” कप्तान म्हणाले. शब्द बरोबर आला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं.

नव्या डब्यात स्वच्छ डिझेल भरलं, रबरी कडीला बोटानं डिझेल चोळलं, आटे जुळवून डबा हातानंच आवळला. दार उघडून डिझेल ओढणारा हातपंप दाबू लागल्या, तर वरच्या कडेनं डिझेल गळायला लागलं. अजून आवळलं, तरी गळतच होतं.

“माझ्या हातानं नाही व्हायचं हे,” काकू म्हणाल्या. कपाळ पुसलं, तर तेही काळं झालं.

“बांगडी,” कप्तान म्हणाले.

काकूंनी मनगट पाहिलं. “बांगड्या घरी काढून ठेवल्यात.”

“जुनी बांगडी. वर.” ते पुढे वाकले. घाम फुटला होता, पण काकूंनी या वेळी घाई केली नाही. “जुनी... वर चिकटली.”

काकूंनी दार बंद करून डबा पुन्हा काढला आणि वरच्या बैठकीवरून बोट फिरवलं. जुन्या फिल्टरची रबरी कडी तिथंच चिकटून राहिली होती. जुनीवर नवी बसवलेली, गळणारच! नखानं ओढून त्यांनी ती सोलून काढली, बैठक चिंधीनं पुसली, डबा पुन्हा बसवला. मग आतली हवा निघावी म्हणून कप्तानांनी दाखवलेला छोटा स्क्रू सैल करून पंप दाबत राहिल्या. आधी बुडबुडे आणि फेस, मग नुसतं डिझेल.

“बस,” कप्तान म्हणाले. “आवळ.”

इंजिन तिसऱ्या किल्लीला लागलं. खोकलं, थरथरलं आणि मग एकसारखं चालू राहिलं. काकूंनी अर्ध्या नदीपर्यंत एक फेरी मारून आणली. सुकाणू त्यांच्या हातात आणि त्यावर कप्तानांचा डावा हात. वाटेत कप्तान अखंड बोलत होते. बगळ्याला पोस्टमन म्हणाले, पुलाला शिडी म्हणाले. काकू नुसत्या “हं” म्हणत ऐकत राहिल्या.

मुलगी लांबच्या शहरात असायची, रोज संध्याकाळी फोन करायची. झटका आल्यापासून कप्तान तिच्याशी बोलले नव्हते. फोन पुढे केला की मान फिरवत. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून हात पुढे केला.

“तुझ्या आईनं...” स्पीकरवर लावलेला फोन तोंडाशी धरून ते थांबले. काकूंनी ओठ घट्ट मिटून घेतले. “तुझ्या आईनं आज इंजिन... शिजवलं.”

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. मुलगी रडतेय की काय, काकूंना कळेना. मग तिचा ओला आवाज आला, “बरं झालं होतं का हो, बाबा?”

कप्तानांनी काकूंच्या काळ्या नखांकडे पाहिलं, नीट विचार केला आणि म्हणाले, “छान. मीठ जरा जास्त.”