दोन नंबरची नाडी

थांबा, पहिल्यापासून सांगते. मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर माझा धागा तुटेल.

माझी आत्या ड्रायव्हिंग शिकवते, हे माहीत आहे तुम्हाला. शाळा म्हणजे काय, तर एक गाडी, छपरावर एक पाटी, आत्याच्या पायाखाली जादाचा ब्रेक आणि आत्याचा आवाज. तर ती गाडी मिसिंग मारायला लागली. म्हणजे चार सिलिंडरपैकी एक जण मध्येच काम सोडतो आणि उरलेले तिघं त्याला फरफटत नेतात. सिग्नलला उभी राहिली की थरथर, क्लच सोडला की हिसका, गतिरोधकावरून उतरली की आचका. आणि कधी कधी दिवसभर अगदी शहाण्यासारखी चालायची. त्यामुळे आत्याने ठरवूनच टाकलं की दोष शिकणाऱ्यांच्या पायात आहे.

सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली शिकायला येणाऱ्या टेलरकाकूंनी. या बाईंचा आख्खा जन्म शिलाई मशीनच्या पायडलवर गेला, पाय म्हणजे लोण्यासारखा मऊ. त्या बिचाऱ्या परत परत सांगायच्या की आधी गाडी उचकते आणि मग माझा पाय हलतो. आत्या म्हणायची, "नाचता येईना, अंगण वाकडं." विषय संपला.

आता तुम्ही म्हणाल, आत्याच्या सख्ख्या भावांचं गॅरेज असताना गाडी आजारी कशी? तेच तर. दिव्याखाली अंधार. बाबा आहेत, काका आहेत, कोर्स संपल्यापासून मीही तिथेच आहे, आणि आमच्याकडे आजोबांपासूनची एक पद्धत आहे. गाडी आली की आधी नाडी बघायची. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका सिलिंडरची वायर उपसायची. निरोगी सिलिंडरची वायर काढली की इंजिन लगेच लंगडतं. आजाऱ्याची काढली तर काहीच फरक पडत नाही, कारण तो आधीच संपावर. हल्ली तिथे कपलर असतात, म्हणजे प्लॅस्टिकचं टोपण, बाजूची खिट्टी दाबली की निघतं. शिवाय आता स्कॅनर लावला की कुठला सिलिंडर ते स्क्रीनवर दिसतं. पण नाडी बघितल्याशिवाय आमच्या घरात कुणाला चैन पडत नाही. आत्या नुसती हवा भरायला आली तरी बाबा बोलता बोलता बॉनेट उघडणार, नाडी बघणार आणि ठणठणीत म्हणून सांगणार. मग काका बघणार, कारण बाबांच्या बघण्यावर त्यांचा विश्वास नाही. मग मी बघणार, कारण मला हौस.

तर स्कॅनर म्हणाला, दोन नंबर. काकांनी प्लग बदलले. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. बाबांनी प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी कॉइल बदलली. पुन्हा तेच. आणि त्या दिवशी सकाळी आत्या आली ती गाडीसकट थरथरतच आली. दुपारी शाळेची तपासणी होती. अधिकारी येणार, गाडीत बसणार, एखाद्या शिकाऊ माणसाला चालवायला लावणार आणि ठरवणार की शाळा पुढे चालू ठेवायची की नाही. दुसरी कुणाची गाडी मागून आणावी तर तिला जादाचा ब्रेक नाही. म्हणजे हीच गाडी, आजच, आणि न उचकता.

बाबांनी फडक्याला हात पुसले आणि निकाल दिला. दोन नंबरचं कॉम्प्रेशन गेलंय, आतला दाबच टिकत नाहीये, इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवावं लागेल. हेड उतरवायचं म्हणजे गाडी आठवडाभर खाटेवर. आत्याने छपरावरची पाटी काढली आणि ती मांडीवर घेऊन टायरांच्या ढिगावर बसली. एवढी बोलणारी बाई अशी गप्प बसलेली मला बघवेना हो.

मी म्हटलं, हेडला हात लावायच्या आधी दुपारपर्यंत गाडी मला द्या. काका हसले. म्हणाले, पुस्तकात बघून करणार का? बाबा नुसते मिशीतल्या मिशीत पुटपुटले. तेव्हा आत्याने मान वर केली.

"दे रे बाळ्या तिला."

आमच्या पिकलेल्या मिशीच्या बाबांना जगात फक्त आत्या बाळ्या म्हणते, आणि ते म्हटलं की मग त्यांचं काही चालत नाही.

मला खरंच धास्ती नव्हती. चुका होतात त्या घाई केली म्हणून. आमच्याकडे झालं होतं आजार म्हशीला आणि औषध पखालीला. नवं सामान टाकत गेले, पण दुखणं कुठे आहे ते कुणी विचारलं नाही. मी साधी युक्ती केली. दोन नंबरची कॉइल चारवर टाकली आणि दोनचा प्लग तीनवर. कॉइल खराब असेल तर दुखणं तिच्यामागे चारवर जाईल, प्लग खराब असेल तर तीनवर. इंजिन चालू केलं आणि स्कॅनरकडे बघत बसले. बराच वेळ काही नाही. मग आचका, आणि स्क्रीनवर पुन्हा दोन. म्हणजे बिऱ्हाडं बदलली तरी भांडण त्याच घरात. कॉइलही सुटली, प्लगही सुटला.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम होतंच, थंड होतं म्हणून सबब सांगायला नको. चारही प्लग काढून एकेका भोकात मीटर लावला. चारही एकसारखे, तसूभर फरक नाही. बाबा जवळ आले, काट्यावर बोटाने टकटक केलं, दोन नंबरला स्वतः मीटर लावून बघितला आणि लांब जाऊन उभे राहिले. हेड वाचलं. सगळं परत बसवून इंजिन चालू केलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर ठेवलं आणि मूठ कानाला लावली. पेट्रोल सोडताना तो टिकटिकतो. चारही टिकटिकत होते. म्हणजे पेट्रोल आहे, दाब आहे, प्लग आहे, कॉइल आहे, आणि तरी हा गडी मध्येच झोपतो.

तेवढ्यात टेलरकाकू आल्या. आत्याने दुपारी चालवायला त्यांनाच बोलावलं होतं, आणि त्या सांगायला आल्या होत्या की दुसऱ्या कुणाला तरी बसवा, माझ्यामुळे शाळा जायला नको. आत्या काही म्हणायच्या आत मी त्यांना हाताला धरून बॉनेटपाशी आणलं आणि म्हटलं, काकू, नक्की कधी उचकते ते सांगा. त्यांनी डोळे मिटले. गतिरोधकावरून उतरताना, म्हणाल्या. आणि क्लच सुटताना. आणि सिग्नलला, ट्रक शेजारून गेला की.

"म्हणजे बघ, पुढचं सगळं हललं की. आधी ते हलतं, मग गाडी उचकते, मग माझा पाय."

माझी ट्यूब तिथेच पेटली. हलल्यावर तुटतं, म्हणजे काहीतरी सैल आहे. इंजिन चालूच होतं. मी दोन नंबरच्या कॉइलकडे जाणारी वायर दोन बोटांत धरली आणि जराशी हलवली. इंजिन लंगडलं. सोडली, सरळ झालं. हलवली, लंगडलं. काका हातातला पाना तसाच धरून उभे राहिले.

इंजिन बंद केलं. कपलरभोवती काळी पट्टी गुंडाळलेली होती. कुणी गुंडाळली विचारलं तर काकांनी घसा साफ केला. पट्टी सोडवली तर खिट्टी कधीचीच तुटलेली, आणि आत कॉइलच्या पिनला धरून ठेवणारी जी पितळी पकड असते ना, तिचा जबडा पार वासलेला. गाडी स्थिर असली की पिन कशीबशी टेकायची, हादरली की सुटायची. बाकी तिन्ही कपलर बघितले तर घट्ट, खिट्ट्या शाबूत.

मग दोनच नंबर का? मी जरा विचार केला आणि बाबांना म्हटलं, बाबा, नाडी कशी बघता ते एकदा दाखवा ना, हात न लावता. बाबांचा हात गेला थेट दोनवर. काकांना म्हटलं, तुम्ही दाखवा. दोनवर. आणि खोटं कशाला बोलू, माझाही दोनवरच जातो. कारण एक नंबरवर हवेच्या फिल्टरचा पाइप आडवा येतो, कोपर वळवावं लागतं. म्हणून आम्ही सगळे दोनपासून सुरू करतो, आणि दोन ठणठणीत निघाला की पुढचे बघायचा कंटाळा करतो. आत्या जेव्हा जेव्हा हवा भरायला आली तेव्हा तेव्हा तिघांनी मिळून तेच एक टोपण उपसलंय आणि दाबलंय.

आत्या टायरांवरून उठली.

"म्हणजे चांगली धट्टीकट्टी गाडी तुम्ही तिघांनी तपासून तपासून आजारी पाडलीत."

बाबा म्हणाले, ताई, तसं नाही. काका म्हणाले, तसंच आहे.

पुढचं काम एकदम सरळ. मागच्या भिंतीवर भंगारातल्या एका गाडीचं वायरिंग टांगलेलं होतं, त्याचे कपलर असेच. त्यातला एक शेपटीसकट कापून घेतला. काकांनी दिवा धरला, बाबांनी वायरी सोलून दिल्या, कुणी एक शब्द सल्ला दिला नाही, विश्वास ठेवा. मी एकेक वायर जोडून सोल्डर केली, वर आकसून घट्ट बसणारी स्लीव्ह चढवून गरम केली. कपलर बसवला तेव्हा खिट्टी टक्क वाजली. इंजिन चालू करून वायर हलवली, ओढली, झटकली. हूं नाही की चूं नाही.

आत्याने पाटी परत छपरावर चढवली आणि गाडीची किल्ली टेलरकाकूंच्या हातात दिली. माफी वगैरे काही नाही, आत्या ती आत्याच. पण काकूही काकूच निघाल्या. किल्ली घेतली आणि शांतपणे म्हणाल्या,

"अंगण सरळ झालं का?"

"झालं. नाचा आता," आत्या म्हणाली.

तपासणीला आत्याने मलाही मागच्या सीटवर बसवलं. अधिकारी एकदम लांबट चेहऱ्याचा, हसायचं नाही असं ठरवून आलेला. आत्या त्याच्या मागे, माझ्या शेजारी बसली होती. पायाखाली ब्रेक नव्हता, तरी तिचा उजवा पाय सारखा गालिचा दाबत होता. अधिकाऱ्याने काकूंना नेमकं चढावर थांबवलं आणि म्हणाला, घ्या पुढे. काकूंनी क्लच सोडला तो असा सोडला, जणू रेशमावर टीप घालतायत. गाडी निघाली. मग आला गतिरोधक. चढलो, उतरलो, इंजिनाने ब्र काढला नाही. आत्याने तेव्हा कुठे पाय सैल सोडला. उतरताना अधिकारी काकूंना म्हणाला, पाय छान आहे तुमचा. आणि आत्याला म्हणाला, छान शिकवलंय, शाळा चालू ठेवा. आत्याने काकूंकडे बघितलं आणि, ऐका हां, चक्क लाजली.

गॅरेजात परत आलो तर बाबांना सगळं सविस्तर ऐकायचं होतं. मी सांगत होते, काकांनी बॉनेट उघडलं. इंजिन मस्त गुणगुणत होतं. काका म्हणाले, वा, काय सुरात लागलंय, आणि बोलता बोलता त्यांचा हात निघाला. थेट दोन नंबरकडे. आत्याने असा सणसणीत फटका दिला हातावर की स्टँडवरचा पाना खाली पडला.

आता ती हवा भरायला आली ना, की आधी खाली उतरते, बॉनेटवर चढून बसते, आणि हवा भरून होईपर्यंत तिथून हलत नाही.