दोष दिव्याचा, बोट आमच्याकडे

मी एक जुनी शंकुपेशी आहे आणि मित्रांनो, आज मी भयंकर चिडले आहे!

माझं घर रंगाताईच्या उजव्या डोळ्यात, मागच्या पडद्यावर, अगदी मध्यभागी. ती आईच्या पोटात होती तेव्हाच मी घडले. तिचे केस गळले तर नवे येतात. माझ्या जागी मात्र दुसरी कोणी येत नाही.

आम्ही शंकुपेशी तीन जातींच्या. प्रकाशाच्या लहरी लांब, मध्यम आणि आखूड. जिला ज्या लहरी भावतात, त्यांना ती जास्त जोरात प्रतिसाद देते. मी लांब लहरींवर जीव टाकणारी. पण 'हा लाल, हा हिरवा' हे एकटीला कळत नाही हं! मी फक्त 'मला एवढा उजेड लागला' इतकंच कळवते. तिघींचं म्हणणं ताडून मग मेंदू रंग ठरवतो. अंधारात आम्ही गप्प. तेव्हा शेजारच्या दंडपेशी राबतात, पण रंग त्यांच्या गावीही नसतो.

रंगाताई गॅरेजात गाड्यांचे रंग जुळवते. गाडीच्या पेट्रोलटाकीचं झाकण काढून आत न्यायचं, शेजारी नव्या रंगाचा हात दिलेली नमुन्याची पट्टी धरायची आणि दोन्ही एकजीव दिसेपर्यंत रंग घोटायचा. "ताई, ठिगळ कुठंय ते आता तूच दाखव!" असं गिऱ्हाइकं म्हणायची. मला छाती असती तर फुगली असती.

मग गॅरेजच्या शेठनी आत नवे स्वस्त दिवे लावले. दिसायला लख्ख, पण त्यांत लांब लहरींचा दुष्काळ! माझ्या ताटात काही पडेचना. त्या उजेडात ताईनं रंग जुळवून एका गडद लाल गाडीचं दार रंगवलं. आत अगदी तंतोतंत. गाडी उन्हात काढली, तर दार विटकरी आणि बाकी गाडी लाल!

"ताई, डोळे गेले तुमचे," शेठ सगळ्यांसमोर म्हणाले. "उद्यापासून पत्रे घासा. रंगाला दुसरा माणूस बघतो."

आणि ताई? "वय झालं असेल," म्हणत तिनं मान खाली घातली! अगं बाई, बोल की काहीतरी! माझा नुसता संताप संताप झाला. उपाशी ठेवलं दिव्यानं आणि गुन्हेगार आम्ही? चोर सोडून संन्याशाला फाशी!

ती गॅरेजच्या दारापाशी उभी राहून गाडीकडे बघत राहिली. उन्हात आम्ही तिघी जीव तोडून सांगत होतो, फरक आहे, फरक आहे! एकदम ती चमकली. डोळे गेले असते, तर हा फरक तरी कसा दिसला असता?

तिनं झाकण आणि पट्टी उचलली.

"शेठ, आत या. जुळतंय?"

"जुळतंय की."

"आता बाहेर चला."

उन्हात शेठनी एकदा झाकण पाहिलं, एकदा पट्टी. झाकण लाल, पट्टी विटकरी!

"काय शेठ, दारापर्यंत येईतो तुमचेही गेले का?"

सगळं गॅरेज खदखदून हसलं. "उद्या दिवे बदलतो," शेठ पुटपुटले. चुकलो म्हणाले? छे! म्हणून तर माझा राग अजून उतरलेला नाही. ताई मात्र थांबली नाही. रंगाचं टेबल तिनं तेव्हाच ओढत दारात, उन्हाला आणलं. तिला पत्रे घासायला पाठवायची आता कुणाची टाप नाही.

मित्रांनो, कुणाचा रंग चुकला तर आधी उजेड तपासा, मग डोळ्यांकडे बोट दाखवा. आणि गंमत म्हणूनसुद्धा सूर्याकडे टक लावून बघू नका. आम्ही जळालो, तर आमची जागा रिकामीच राहते.