प्रार्थनेचा विषय

चर्चच्या मंडळीत तिला सगळे प्रार्थनाबाई म्हणत, आणि ते काही चेष्टेने नव्हे. कुणाचं ऑपरेशन असो, परीक्षा असो, नाहीतर ठरत आलेलं लग्न मोडू घातलेलं असो, लोक पाळकबाईंच्याही आधी हिच्याकडे धाव घेत. बाईने डोळे मिटले की शब्द असे येत की ऐकणाऱ्याला वाटावं, देव पलीकडच्याच खोलीत बसलाय आणि दार नुसतं लोटलेलं आहे. हे बाईंनाही ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं दाखवणं त्यांना जमत असे, इतकंच.

एरवी बाई पडदे शिवत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. कापायचं लांबलचक टेबल, दोन मशिनं, भिंतीला टेकवून ठेवलेले कापडाचे तागे. नवरा गेल्यावर त्यांनी हे उभं केलं, त्यावर एकुलता एक मुलगा वाढवला, त्याचं लग्न करून दिलं आणि सून घरात आल्यावर एक मशीन तिच्या हवाली केलं. सून मापाला पक्की होती. गिऱ्हाइकाच्या खिडकीची चौकट वाकडी असली तर ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची आणि त्याला राग न येऊ देता पडदा सरळ लोंबेल असा कापायची. सासू-सुनेचं इतकं चांगलं जमायचं की शेजारणींना त्यात काहीतरी गोम असावी असं वाटे.

त्या घरात एक नियम होता. संध्याकाळी जेवायला बसलं की एकाने मोठ्याने प्रार्थना करायची, आणि रोज वेगळ्याने. आज मुलगा, उद्या सून, परवा आई, की पुन्हा मुलगा. मुलगा गॅरेजात राबून भुकेजलेला यायचा, त्यामुळे त्याची प्रार्थना ताटाकडे बघतच सुरू व्हायची आणि तिथेच संपायची. सुनेची अडखळत चालायची, मधेच थांबायची, पण ती खरी असायची. आईची ऐकताना जेवण निवायचं. पण तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मग सुनेचं बाळ पोटातच गेलं. नाव ठरवून झालं होतं. बाळाच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून सुनेने आतल्या खोलीच्या खिडकीला जाड अस्तराचा एक छोटा पडदाही शिवला होता. दवाखान्यातून आल्यावर काही दिवसांनी तिने तो काढला, टाका न् टाका उसवला, अस्तर वेगळं केलं, कापड वेगळं केलं आणि दोन्ही घड्या घालून फळीवर ठेवून दिलं. बाईंनी ते पाहिलं.

त्यानंतर एका दुपारी दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून एका हॉलच्या पडद्यांची कडा दुमडत होत्या. सून टाचण्या लावता लावता मान वर न करता म्हणाली, "आई, माझा दिवस आला की मला घाम फुटतो. मला प्रार्थना येत नाही आता. तिकडे कुणी ऐकतंय असं वाटतच नाही."

बाईंनी त्या वेळी शहाणपणा केला. उपदेश केला नाही. टेबलाला वळसा घालून आल्या, सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि तुझ्या दिवशी मी करत जाईन, म्हणाल्या. मुलाने विचारलंच तर सांगू, तिला थकवा आहे. सुनेने एवढंच मागितलं की हे कुणाला कळू नये, त्यालाही नाही. बाईंनी शब्द दिला. त्या दिवसापासून सुनेचा दिवस आला की आई घसा खाकरून आपणच सुरुवात करी, आणि सून मान खाली घालून बसे. त्या बसण्यात तिला थोडा विसावा मिळत होता, हे बाईंना दिसत होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण बुधवार आला.

बुधवारी दुपारी पाळकबाईंच्या बैठकीच्या खोलीत स्त्रियांची प्रार्थनासभा भरे. बाळ गेल्यापासून सून तिकडे जात नसे. गीत झालं, वचन वाचून झालं की पाळकबाई विचारायच्या, "कुणाचे काही विषय आहेत का?" मग एकेक विषय पुढे यायचा. कुणाच्या जावयाची दारू, कुणाच्या भावाचा घटस्फोट, कुणाच्या मुलीचं भलत्याच मुलाशी जुळलेलं. जे बाजारात कुजबुजलं असतं तर चहाडी ठरलं असतं, ते इथे डोळे मिटून मोठ्याने सांगता यायचं, आणि ऐकणाऱ्यांना हळहळताना पुण्यही लागायचं. यात कुणी दुष्ट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. सगळ्या मायेच्याच बायका होत्या.

बाईंना सुनेची काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. एवढं मोठं ओझं एकटीने वाहण्यापेक्षा चार गुडघे जास्त टेकलेले बरे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण त्या काळजीच्या कडेकडेने आणखीही काहीतरी होतं. त्या दिवशी सगळ्यांचे विषय किरकोळ निघाले होते, आणि बाईंपाशी भारी विषय होता. त्या म्हणाल्या, "आपल्यातल्याच एका बहिणीसाठी प्रार्थना करा. पोटातलं लेकरू गेल्यापासून तिचा विश्वास डळमळलाय. प्रार्थना करायचीसुद्धा थांबलीये. नाव काही मी सांगत नाही."

नाव सांगायची गरजच नव्हती. मंडळी केवढी, आणि त्यात कुणाचं लेकरू गेलं होतं, हे रविवारच्या शब्बाथशाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. मंडळीतल्या नर्सबाईंनी सुस्कारा सोडला. उपासनेत पेटी वाजवणाऱ्या बाईने लगेच डोळे टिपले. त्या दिवशीची प्रार्थना फार रंगली.

दोन-चार दिवसांनी पेटीवाली दुकानात आली. स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा हवा म्हणाली. तिच्या त्या खिडकीला याच दोघींनी शिवलेला चांगला नवाकोरा पडदा होता, आणि सुनेला तो आठवत होता. तरीही सून वही-टेप घेऊन पुढे आली. तेव्हा पेटीवालीने मापबीप सोडून तिचे दोन्ही हात हातात घेतले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "संशय सगळ्यांनाच येतो गं," ती म्हणाली. "तू एकटी नाहीस. आम्ही सगळ्या तुझ्यासाठी गुडघे टेकतोय."

सुनेने हात सोडवून घेतले नाहीत. पडदा किती लांब हवा, खाली दुमड किती ठेवायची, हे नीट विचारलं, लिहून घेतलं आणि पेटीवालीला दारापर्यंत पोचवून आली. बाई मशीनवर बसल्या होत्या. पायाखालची पट्टी दाबायचं त्यांना सुचेना.

"कुणाकुणाला माहीत आहे?" सुनेने विचारलं.

बाई सांगू लागल्या की नाव घेतलं नव्हतं, फक्त प्रार्थनेसाठी म्हणून, तुझ्या भल्यासाठी म्हणून. सून ऐकत राहिली. सगळं ऐकून घेतल्यावर ती आवाज न चढवता म्हणाली, "आई, मी तुम्हाला सांगितलं होतं. देवाला सांगायचं असतं तर मीच सांगितलं असतं."

आणि तिने कात्री उचलून उरलेलं कापड कापायला घेतलं.

बाईंना वाटलं, रुसेल, चार दिवस अबोला धरेल, मुलाच्या कानावर घालेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसल्यावर सुनेचा दिवस होता. बाईंनी नेहमीसारखा घसा खाकरला, तेवढ्यात सून म्हणाली, "थांबा आई, आज माझा आहे." तिने डोळे मिटले आणि प्रार्थना केली. कुठे अडखळली नाही. हे दयाळू पित्या, तुझ्या विपुल कृपेसाठी, संकटातही न सोडणाऱ्या तुझ्या हातासाठी. प्रत्येक शब्द बुधवारच्या सभेतला होता, काही तर थेट बाईंचेच होते. मुलाचे डोळे भरून आले. "देवाने हिला परत आणलं," तो आईला नंतर हळूच म्हणाला. बाईंनी मान हलवली.

पुढे रविवारी सून उपासनेत पहिल्या बाकावर बसून गायली. कशी आहेस, असं कुणी विचारलं की प्रभूची कृपा आहे, म्हणायची. घरातही तेच. झोप लागली का? प्रभूची कृपा. कंबर दुखत होती ना? आता बरी आहे, प्रभूची कृपा. पूर्वी तीच पोरगी कंबर दुखली की कापडाच्या ताग्यालाही शिव्या द्यायची आणि मग दोघी हसायच्या. आता ती सासूशी पाळकबाईंशी बोलावं तशी बोलू लागली होती. हे सगळं आपण करून ठेवलंय, हे बाईंना लख्ख कळत होतं, आणि हा दरवाजा बाहेरून उघडत नाही हेही कळत होतं.

एकदा धीर करून त्यांनी तिला टेबलापाशी गाठलं आणि माझी चूक झाली, मला क्षमा कर, म्हणाल्या. सुनेने टाचणी दातांतून काढली. "केली आई," ती म्हणाली. "करायलाच हवी ना. आपल्याला तसंच सांगितलंय." त्या क्षमेपेक्षा तिने टाचणी टोचली असती तर परवडलं असतं.

त्यानंतरच्या एका बुधवारी पाळकबाईंची खोली आनंदाने भरली होती. पेटीवालीने साक्ष दिली की आपण ज्या बहिणीसाठी प्रार्थना केली ती कशी गाते आहे, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. नर्सबाईंनी आमेन म्हटलं. पाळकबाई बाईंकडे वळून म्हणाल्या की आभाराची प्रार्थना तुम्हीच करा, तुमचाच विषय होता.

बाईंनी डोळे मिटले. शब्द तयारच होते, रांगेत उभे होते. आभार मानावेत तर देवाच्या तोंडावर खोटं बोलायचं. ती सगळं वरवरचं बोलतेय म्हणून सांगावं तर पुन्हा तिलाच उघडं पाडायचं. आयुष्यात पहिल्यांदा या बाईला गप्प बसण्याची अक्कल हवी होती आणि बोलण्याचीही, दोन्ही एकाच वेळी. कुणीतरी खोकलं.

बाईंनी डोळे उघडले. "विषय माझा नव्हता," त्या म्हणाल्या. "ज्याचा होता त्याला न विचारता मी इथे आणला. विश्वासाने दिलेली गोष्ट होती, मी ती वाटून टाकली. आता कुणी त्याबद्दल बोलू नका. आभारसुद्धा मानू नका. आणि दुकानात पडद्याची गरज असेल तरच या."

पेटीवालीचा चेहरा पडला. पाळकबाई बिचाऱ्या गोंधळल्या. पण नर्सबाईंना अशा वेळी काय करायचं ते पाठ होतं. त्या उठल्या, बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आपण आत्ताच या आपल्या बहिणीसाठी प्रार्थना करू या. तिच्या मनावर फार ओझं आहे." सगळ्यांनी माना खाली घातल्या. चार-पाच हात बाईंच्या पाठीवर आले, ऊबदार, मायेचे, जड. बाई त्या हातांखाली बसून राहिल्या. आपण आता विषय झालो, हे त्यांना समजलं. आणि पेटीवालीने हात धरले तेव्हा सून हलली का नव्हती, हेही.

घरी आल्यावर त्यांनी यातलं काही सुनेला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचंही कौतुक करणं तिला भाग पडलं असतं.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. दिवस आईचा होता. मुलाने ताटाकडे एकदा आशेने पाहिलं आणि डोळे मिटले. सुनेनेही मिटले. बाईंनी सुरुवात केली, "हे प्रभू," आणि पुढे काहीच येईना. म्हणजे येत होतं, ढीगभर येत होतं, पण त्यातला एकही शब्द आपला वाटेना. दयाळू म्हणावं तर पेटीवाली आठवे, कृपा म्हणावं तर सून. मुलाने एक डोळा उघडला.

"मला येत नाहीये आज," बाई म्हणाल्या.

मुलगा घाबरलाच. बरं वाटत नाही का, चक्कर येतेय का, मी करू का, असं त्याने भराभर विचारलं. त्याच्या आईला प्रार्थना येत नाही म्हणजे काय, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. ते तिथे बसलेल्यांपैकी एकाच माणसाला कळत होतं. सून सासूकडे बघत होती. कापड घेताना ती उजेडासमोर धरून बघायची, कुठे विरलंय का, कुठे गाठ आहे का, तसं बघत होती. बाईंनी नजर चुकवली नाही. हे नाटक आहे असं तिला वाटलं तर वाटू दे, आपण ते कमावलंय, असं त्या मनाशी म्हणाल्या.

"तू नको करूस," सून नवऱ्याला म्हणाली. "त्यांना येत नाहीये ना. मग आज राहू दे."

तिने भांड्यावरचं झाकण काढलं, आधी सासूला वाढलं, आणि ताट त्यांच्यासमोर सरकवलं.

"जेवा आई," ती म्हणाली. "रोज तुमच्यामुळे निवतं."