सस्कॅचेवानच्या घराण्याची चौकशी

मुलगी द्यायची तर आधी चौकशी हवी, यावर खंडेरावांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. दिवसा ते अंबडच्या कारखान्यात तयार माल तपासत आणि सुट्टीच्या दिवशी स्थळं. मुलाच्या गावी जायचं, टपरीवर चहा घ्यायचा आणि सहज विचारल्यासारखं घराणं उलटंपालटं करून पाहायचं. लेकीची, ज्योत्स्नाची, तीन स्थळं त्यांनी अशी नापास केली होती. एक तर केवळ मुलाचा काका बांधावरून कोर्टात गेला म्हणून.

२००३च्या मार्गशीर्षात चौथं स्थळ आलं. राजू ज्योत्स्नाच्या कॉलेजातला, राहायला इंदिरानगरातच, दोन गल्ल्या सोडून. पण दोन वर्षांपासून नोकरी कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, पोटॅशच्या खाणीत.

"मला तो आवडतो, बाबा. रविवारी परत चाललाय. तुम्ही फक्त हो म्हणा."

"चौकशीशिवाय?"

"करा. पण रविवारच्या आत."

आता सस्कॅचेवानात टपरी कुठली? खंडेराव वाचनालयात जाऊन बसले, मग सायबर कॅफेत, आणि रोज जेवताना निकाल सांगू लागले.

"घराणं नवं आहे. १९०५ साली प्रांत झाला. शेजारचा आल्बर्टा जुळा भाऊ. त्याच्याकडे तेल निघालं, याच्या वाट्याला गहू न् मसूर जास्त. आकार महाराष्ट्राच्या दुप्पट आणि माणसं आपल्या नाशिक शहराएवढी."

"म्हणजे अख्ख्या गंगापूर रोडला एक माणूस," ज्योत्स्नाची आई लताबाई म्हणाल्या. "साखर मागायला कुणाकडे जायचं पोरीनं?"

"हद्दी पट्टीने आखल्यात. मध्ये ना नदी, ना डोंगर. बांधाचा वाद होणार कसा?"

मूळच्या लोकांना बाजूला सारून बाहेरच्यांना जमिनी वाटल्या होत्या, हा डाग त्यांना सापडला. पण असे डाग धरून बसलं तर जगात एकही मुलगी उजवता येणार नाही, म्हणून त्यांनी तो नाइलाजाने नोंदवून ठेवला. पुढे तिशीच्या दशकात दुष्काळाने शेतातली माती उडून गेली, तरी लोक टिकले. सरकारी खर्चाने दवाखाना ही गोष्ट कॅनडात पहिल्यांदा तिथेच सुरू झाली, हे ऐकून लताबाईंनी त्यांना आणखी एक पोळी वाढली. राहता राहिली थंडी. उणे चाळीस. तिथे खंडेराव अडले.

शनिवारी सकाळी ते घोटीला गेले. त्यांचा शाळासोबती कादर तिथे धान्याचा व्यापारी होता, आणि त्याच्याकडची मसूर सस्कॅचेवानची असल्याचं त्यानेच फोनवर सांगितलं होतं.

"लय साफ माल, खंडूभाऊ. खडा नाय, वजनाला पक्का."

"आणि माणसं कशी आहेत?"

"माणसं पोत्यातून येत नाय रे बाबा! पोरगा कसा हाय ते सांग की."

खंडेराव तळहातावर मसूर घेऊन दाणे निरखू लागले. संध्याकाळी लताबाईंनीही तेच विचारलं. "अहो, आणि राजूच्या घरची चौकशी?"

"ती राहिली."

"दोन गल्ल्यांवर आहे!"

"म्हणूनच राहिली," खंडेराव म्हणाले आणि चपला घालून निघाले.

दार राजूच्या आईने, मीनावहिनींनी उघडलं. डोळे रडून लाल झालेले. आत राजू बॅगा भरत होता.

"या भाऊ. दोन वर्षं झाली, पोरगा जातो तरी कुठे, मला कळत नाही. गावाचं नाव घेताना जीभ वळत नाही. विचारलं की म्हणतो, आई, थंडी आहे. झालं."

खंडेरावांना राहवेना. "वहिनी, थंडी आहे, पण घरं गरम असतात. दवाखान्याची चिंता नाही. दुष्काळ पचवलेली माणसं आहेत, सहजासहजी हात सोडणारी नाहीत." चहावर साय धरली तरी ते जुळ्या भावावरच होते.

मीनावहिनींनी डोळे पुसले. "इतकं चांगलं आहे?"

"मी स्वतः तपासलंय!"

"मग ज्योत्स्नाला पाठवाल?"

खंडेरावांनी कप उचलला, परत ठेवला. मालावर पासचा शिक्का आपल्याच हाताने मारून झाला होता.

"पाठवतोच आहे," ते म्हणाले.

राजू हातात स्वेटर घेऊन बाहेर आला आणि तसाच त्यांच्या पायाशी वाकला. मीनावहिनींनी सगळ्यांच्या तळहातावर चिमूट चिमूट साखर ठेवली.

"बरं भाऊ, तिथे वाळवण घालता येतं का हो? पापड, कुरडया?"

हा मुद्दा खंडेरावांकडून निसटला होता. त्यांनी राजूकडे पाहिलं. राजूने मान खाली घातली.

"येतं," खंडेराव ठामपणे म्हणाले. "जागा भरपूर आहे."