दोन्हीकडे चालणारी बंदूक

मी एक जुनी लष्करी बंदूक आहे आणि मला सांभाळणाऱ्या शिपायाला मीच ठार मारलं. मित्रांनो, असं काही घडलेलं नाही. चौकशी समितीने तसं लेखी दिलं आहे. तेव्हा आपण जन्मापासून सुरुवात करू.

माझ्या दस्त्यासाठी अक्रोडाचं एक धडधाकट झाड पाडलं गेलं, म्हणजे पहिला बळी मी जन्माआधीच घेतला. मला घडवणारे साहेब पूर्वी घड्याळं बनवायचे. त्यांना उशीर सहन होत नसे. बोल्ट म्हणजे काडतुसाला मागून दाबून धरणारा लोखंडी दांडा. इतर बंदुकांत तो दर गोळीनंतर उचलायचा, ओढायचा, ढकलायचा, पाडायचा. माझा नुसता ओढायचा आणि ढकलायचा. त्याचं टोक फिरून आपोआप कुलूप लागायचं. फक्त साफसफाईनंतर ते टोक उलटं बसलं, तर बोल्ट आत जायचा, बाहेरून छान दिसायचा, पण कुलूप लागायचं नाही. मग गोळी पुढे आणि बोल्ट मागे. सोय दोन्हीकडची होती. माहितीपत्रकात एकच छापली होती. अशा आम्ही तीनशेच बनलो.

आमच्या तुकडीच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्याचा सख्खा धाकटा भाऊ तिथेच शिपाई होता आणि मी त्याच्या वाट्याला आले. बोल्ट उलटा बसूच नये म्हणून आत एक बारीक खिळी ठोकू द्या, असं मिस्त्रीने वर लिहिलं. उत्तर आलं, शिपायांनी बोल्ट सुलटा बसवावा. तेव्हापासून धाकट्याचा बोल्ट तो स्वतः तपासायचा.

युद्धात मी नाव काढलं. पहिल्या माणसाला मी गळ्यात मारलं. तो काहीतरी विचारणार होता असं त्याच्या तोंडावरून वाटलं. दुसरा काटेरी तारेवर तीन दिवस वाळत राहिला. तिसऱ्याच्या बरगडीत माझी संगीन अडकली. धाकट्याने त्याच्या छातीवर पाय देऊन ती उपटली आणि "माफ करा" म्हणाला.

खंदकात चिखल गुडघाभर, पण कप्तानाला बंदूक आरशासारखी लागायची. म्हणून तपासणीआधी सगळी तुकडी आपापले बोल्ट सुटे करून घासलेटच्या एकाच डब्यात भिजत घालायची. एका सकाळी बोल्ट पुसून बसवतात न बसवतात तोच समोरून हल्ला आला. मिस्त्रीने हात पुढे केला.

"धाकट्या, बोल्ट दाखव."

"दादा, लहानपणी नाक शिंकरलं तरी तुला दाखवावं लागायचं. आता पुरे."

सगळे हसले. मिस्त्रीही हसला आणि त्याने हात मागे घेतला.

धाकट्याने चाप ओढला. गोळी पुढे जाऊन कोणाला तरी लागली. बोल्ट मागे येऊन धाकट्याच्या उजव्या डोळ्यातून कवटीत शिरला. दोघं एकदमच पडले.

मिस्त्रीने तो बोल्ट उपटून काढला, बाहीला पुसला, सुलटा बसवला आणि माझ्याकडून आणखी सहा जण मारले, कारण ते खंदकात उतरत होते.

समितीने मला उघडून पाहिलं. बोल्ट नीट आहे, असं अध्यक्ष म्हणाले.

"नंतर मी बसवला म्हणून नीट आहे," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे नीट आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि लिहून घेतलं: शत्रूच्या गोळीने मृत्यू.

त्याच दुपारी मिस्त्रीने माझ्या आत खिळी ठोकली. सरकारी मालाशी छेडछाड म्हणून त्याला दोन वर्षांची कैद झाली. आता मी संग्रहालयात काचेआड आहे. हौशी लोक खिळी पाहून हरखतात. अशी एकच आहे म्हणे.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं सांगायची रीत आहे. माझी फार छान राखली होती.

सबब विनंती की, मजकडून मेलेला शिपाई स्वपक्षाचा होता हे ध्यानी घेऊन मला पूर्वलक्षी प्रभावाने शत्रूचं शस्त्र घोषित करण्यात यावं, आणि खिळी ठोकून ते मागच्या बाजूने निकामी केल्याबद्दल मिस्त्रीस पदक देण्यात यावं. पोचपावतीवर मिस्त्रीची सही घ्यावी. तो हयात नसल्यास धाकट्या भावाची चालेल.