चकची चावी आणि मास्तरांचा गळा

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे. पण मला घेऊन कुठलं कुलूप उघडायला जाऊ नका, फजिती होईल. मी लेथच्या चकची चावी. लेथ म्हणजे लोखंड गरगर फिरवून, कापून त्याला आकार देणारं मशीन आणि चक म्हणजे त्याचा जबडा. जबड्याच्या बाजूला चौकोनी भोक असतं. त्यात मला घालून पिळलं, की जबडा लोखंडाला घट्ट धरतो. उलटं पिळलं, की सोडतो. काम एवढंच. पण मी नसले तर ते अवाढव्य धूड नुसतं तोंड वासून बसतं!

माझा जन्म भट्टीतला. लालबुंद झाले, डोक्यावर घण बसले, पायाला चौकोनी केलं आणि तेलात बुडवलं. असा चर्रर्र आवाज झाला म्हणता! मग डोक्यात आडवी दांडी ठोकली आणि माझी रवानगी या वर्कशॉपमध्ये झाली. इथे शिकाऊ मुलंमुली येतात. आधी कानस घासून घासून त्यांचे खांदे दुखतात, मग कुठे लेथला हात लावायला मिळतो.

लाड झाले तसे हालही झाले. मास्तर मला रोज चिंधीने पुसायचे, लहान बाळाचं तोंड पुसावं तसं. पण एका दिवट्याने माझा हातोडा केला. दुसऱ्याने माझ्याने रंग ढवळला. लोखंडाच्या कातरणाखाली तर मी कितीदा पुरली गेले, त्याला गणतीच नाही.

पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे मला चकमध्येच विसरणं. चक फिरला की मी बंदुकीच्या गोळीसारखी उडते. एकदा उडाले ती थेट भिंतीवरच्या घड्याळात घुसले. घड्याळाऐवजी कोणाचं डोकं असतं तर? दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला दोरी बांधली आणि नियम केला. जो मला चकमध्ये विसरेल, त्याने सुट्टीची घंटा होईपर्यंत मला गळ्यात घालून फिरायचं. आणि तीनदा घातली, की लेथ बंद. परत कानशीकडे, वर्षाची परीक्षासुद्धा नाही.

या बॅचला एक मुलगी आली. पहिल्याच दिवशी मोठ्या मुलांनी नेहमीची खोडी काढली. मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "जा, स्टोअरमधून या चावीचं कुलूप घेऊन ये." नवीन पोरं बिचारी तासभर हिंडतात. ही दोन मिनिटांत परत आली, हातात हे भलंमोठं कुलूप!

"हे कुठून आणलंस?"

"स्टोअरच्या दाराचं आहे. स्टोअरवाले काका शोधत आले तर तुम्हीच सांगा त्यांना."

काका आले, आणि जे काही बोलले ते मी लहान मुलांना सांगू शकत नाही. तिचं नाव पडलं वादळ.

वादळाचा हात लेथवर असा बसला, की लोखंडाची साल लांबच लांब, काकडीची निघते तशी निघायची. मी कौतुकाने बघायचे. पण घाई फार! महिन्याभरात मी दोनदा तिच्या गळ्यात. ती डबा खायला वाकली, की मीही डब्यात डोकवायचे. मोजपट्टी नावाचा एक उंच, सडसडीत मुलगा होता. तो तिला छळायचा, "दागिना छान दिसतो गं. कानशीला शोभेल."

"तुझी उंची कानशीने कमी करून देऊ का?" ती म्हणायची. पण पोरगी आतून हादरली होती. आता एकच चूक, आणि लेथ गेला. तेव्हापासून तिला एक सवय लागली. मशीनचं बटण दाबायच्या आधी तिचा हात आपोआप गळ्याकडे जायचा. चावी इथे नाही ना? मग आहे कुठे? जागेवर दिसली, की मगच बटण.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती सराव करत होती. लोखंड चकमध्ये आवळत होती, मी तिच्या मुठीत. तेवढ्यात मास्तर मागून ओरडले, "वादळ, अगं इकडे ये पटकन!"

ती गेली. मी चकमध्येच. ती परत आली, आता बटणाकडे बोट. मला तोंड असतं तर मी वर्कशॉप डोक्यावर घेतलं असतं! बोट बटणाला टेकणार, एवढ्यात दुसरा हात गळ्याकडे गेला. गळा रिकामा. जागा रिकामी. तिने चककडे बघितलं.

"आई गं!"

गपचूप काढून घेतलं असतं तर कोणाला कळलं नसतं. पण ही इतक्या जोरात किंचाळली, की सगळं वर्कशॉप वळलं.

"तिसरी! तिसरी!" मोजपट्टी नाचायलाच लागला.

"मशीन सुरू कुठे केलं मी?"

"नियम विसरण्याचा आहे. सुरू करण्याचा नाही," मोजपट्टीने ठणकावलं.

वादळाचे डोळे भरले, ती एप्रनची गाठ सोडायला लागली. मास्तरांनी मला हातात घेतलं.

"थांब. मघाशी हाक कोणी मारली?"

"तुम्ही, सर."

"तुझा हात कुठे होता?"

"चकवर."

"मशीनवरच्या माणसाला हाक मारायची नाही, हे इथे कोण शिकवतं?"

"तुम्हीच, सर."

"तिने बटण दाबायच्या आधी बघितलं. मी हाक मारायच्या आधी बघितलं का?" असं म्हणून त्यांनी मला सरळ स्वतःच्या गळ्यात घातलं! मोजपट्टीचा आ जो वासला, तो मला चकचाच भाऊ वाटला. स्टोअरवाले काका तर मुद्दाम तीनदा येऊन बघून गेले.

गंमत पुढेच आहे. घंटा झाली आणि मास्तर मला गळ्यातच घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी परीक्षक हजर, लेथ हजर, मी गायब! वादळ कातरणं उपसून मला शोधत होती. तेवढ्यात मास्तरांची स्कूटर आली. मी त्यांच्या गळ्यात आणि मागे त्यांची बायको.

"कोण ती वादळ?" बाईंनी उतरताच विचारलं. वादळ घाबरत पुढे झाली. बाईंनी तिची पाठ थोपटली. "लग्नापासून सांगतेय, मी उकळतं पातेलं उतरवत असते तेव्हा हाका मारू नका. ऐकतील तर शपथ! काल घरी आले आणि दारात गप्प उभे राहिले, माझे हात रिकामे होईपर्यंत. पोरी, माझ्याने झालं नाही ते तू केलंस!"

मास्तर लाजून स्कूटर पुसायला लागले. स्वच्छच होती ती.

वादळाची परीक्षा झाली, आणि झकास झाली. परीक्षकांनी तिचा जॉब, म्हणजे तिने कापलेला लोखंडी तुकडा, मोजला, परत मोजला, आणि हसून सही केली.

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. काम झालं की हत्याराला त्याच्या जागी ठेवा, आणि बटण दाबायच्या आधी एकदा बघा. आणि कोणाचे हात कामात गुंतलेले दिसले, तर हाक गिळा. आई असो, मास्तर असो, नाहीतर मोजपट्टी असो. तुमचं बोलणं दोन मिनिटं थांबेल हो. बोट तुटलं तर मला ते परत आवळून देता यायचं नाही, बोटाला चौकोनी भोक नसतं!