धुळीनं खाल्लेला उजेड

आत सुनेची पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा चालली होती आणि सासूबाई बाहेरच्या बाकावर चार महिन्यांच्या नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दार किलकिलं होतं, सगळं ऐकू येत होतं. नसतं आलं तरी बिघडलं नसतं म्हणा. दोन महिने बाळाला झोपवताना सून अंगाईऐवजी हेच भाषण म्हणायची. बाळ झोपून जायचं, सासूबाई ऐकत राहायच्या.

तापलेल्या ताऱ्याचा डोळ्यांना न दिसणारा प्रखर उजेड भोवतीच्या वायूतले इलेक्ट्रॉन उडवून लावतो, म्हणून तो ढग चमकतो. चमक किती, यावरून ताऱ्याचा जोर ठरतो. सुनेचं म्हणणं, या ढगात धूळ आहे. वायूला मिळायच्या आधीच ती तिसरा हिस्सा उजेड गट्ट करते. चमक घटते, आणि लोक बिचाऱ्या ताऱ्यालाच दुबळा ठरवतात.

एवढ्यात नात कुरकुरली. आत सुनेचा आवाज अडखळला, मग भरभर धावत सुटला. सासूबाईंनी कान टवकारले. भाषणात धुळीनंतर पडद्यावर तिच्या उबेचं चित्र यायचं. ही तर थेट समारोपावर पोचली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथंच धरलं. तारा दुबळा आहे म्हणून मोकळ्या व्हा की, धुळीवर कशाला ढकलता? पुरावा कुठाय? आत सून कागद उलटसुलट करू लागली. चार वर्षांची मेहनत तिथं टांगणीला लागलेली, आणि हिचं निम्मं लक्ष दाराकडे असणार, हे सासूबाईंना न बघताही कळलं.

नातीला खांद्यावर टाकून त्या सरळ आत शिरल्या.

“अगं, ही ठणठणीत आहे. तुझं उबेचं चित्र राहिलंय.”

सुनेनं चित्र लावलं आणि मग ती थांबलीच नाही. उजेड गिळून धूळ तापते, ती ऊब वेगळ्या दुर्बिणीनं मोजता येते, आणि मोजली तर हरवलेल्या उजेडाएवढीच भरते.

परीक्षकांनी आकडे दोनदा ताडून पाहिले. मग चष्मा काढून विचारलं, “आजी, तुम्हीही याच विषयातल्या का?”

“छे हो. मी जन्मभर पोस्टात शिक्के मारले.”

“सर, माझा सगळा प्रबंध पहिल्यांदा यांनीच ऐकलाय,” सून म्हणाली.

थोड्या वेळानं परीक्षकांनी उठून तिला डॉक्टर म्हणून हाक मारली, तेव्हा सासूबाईंनी नातीचं तोंड अलगद तिच्या आईकडे वळवलं.